सर्व्हरची ‘डुप्लिकेट’ डिस्क कपाटात आहे, पण ती सुरू होते का?

रामदासपेठेतल्या एखाद्या हॉस्पिटलच्या, पॅथॉलॉजी लॅबच्या किंवा सीएच्या ऑफिसात जाऊन ‘बॅकअप आहे का?’ असं विचारा. समोरच्याचं बोट बहुतेक वेळा इन्व्हर्टरकडे जातं. आपल्याकडे बॅकअप म्हणजे आधी विजेचा, मग बाकी सगळा. थोडं खोदून विचारलं तर उत्तर येतं, ‘हो, सर्व्हरचा पण आहे ना. एएमसीवाल्या भाऊंनी क्लोन करून ठेवलाय, कपाटात आहे.’

हा ‘कपाटातला क्लोन’ हा या लेखाचा विषय. ज्या गल्लीत एकाला लागून एक दवाखाना आहे, जिथे रोज शेकडो माणसांचे रिपोर्ट, एक्स-रे, बिलं आणि डिस्चार्ज कार्ड सर्व्हरवर जातात, तिथे हा क्लोन म्हणजे अखेरचा आधार समजला जातो. माझं मत असं, की आज तो ज्या पद्धतीनं ठेवला जातो, त्या पद्धतीनं तो आधार कमी आणि धोका जास्त आहे. दोष तंत्राचा नाही. क्लोन ही उत्तम गोष्ट आहे. पण ती सांभाळावी लागते, आणि सांभाळायचं कुणी हेच ठरलेलं नसतं.

बूट डिस्क म्हणजे काय आणि तिचा क्लोन कशाला?

सर्व्हर म्हणजे जास्त वेळ, जास्त भार घेऊन चालणारा कॉम्प्युटर. त्यात साधारणपणे दोन प्रकारच्या डिस्क असतात. एकीवर ऑपरेटिंग सिस्टीम, म्हणजे विंडोज सर्व्हर किंवा लिनक्स. बटण दाबल्यावर सर्व्हर जिच्यावरून उठतो ती ही बूट डिस्क. दुसऱ्या डिस्कवर डेटा. छोट्या ठिकाणी खर्च वाचवायला दोन्ही गोष्टी एकाच डिस्कवर कोंबलेल्या असतात. तिथूनच अर्ध्या अडचणी सुरू होतात, पण त्याकडे नंतर येऊ.

बूट डिस्क गेली तर डेटा शाबूत असूनही काम बंद पडतं. विंडोज पुन्हा टाकायला फार तर दोन तास. खरा वेळ जातो तो बाकीच्या गोष्टींना. हॉस्पिटलचं सॉफ्टवेअर, त्याचं लायसन्स, डेटाबेस इंजिन, प्रिंटरची सेटिंग, आणि लॅब असेल तर रक्ततपासणीच्या यंत्राकडून सर्व्हरला आकडे येतात त्या जोडणीची सेटिंग. ही शेवटची सेटिंग अनेकदा एकाच माणसाच्या डोक्यात असते, आणि तो माणूस पुण्यात असतो. म्हणून हुशार हार्डवेअरवाला सगळं नीट चालू असताना बूट डिस्कची हुबेहूब प्रत दुसऱ्या डिस्कवर काढून ठेवतो. मूळ डिस्क मेली की ही लावायची, बटण दाबायचं, अर्ध्या तासात काउंटर सुरू. क्लोनझिला हे मोफत सॉफ्टवेअर त्यासाठी जगभर वापरलं जातं. ते तैवानमध्ये तयार झालेलं आहे. जुने लोक आजही या कामाला ‘घोस्ट मारणं’ म्हणतात, कारण एकेकाळी नॉर्टन घोस्टशिवाय दुसरं नाव नव्हतं.

इथे एक गोंधळ दूर करायला हवा. ‘आमच्याकडे रेड आहे’ असं सांगणारे पुष्कळ भेटतात. रेड-१ मध्ये दोन डिस्क एकमेकींच्या आरशासारख्या चालतात; एकीवर लिहिलं ते त्याच क्षणी दुसरीवर. एक डिस्क बिघडली तर दुसरी काम पुढे नेते. उत्तम सोय. पण चुकून फाइल उडवली तर ती दोन्हीकडून उडते. व्हायरसनं डिस्क कुलूपबंद केली तर दोन्ही कुलूपबंद होतात. क्लोन हा आरसा नाही, तो फोटो आहे. काल काढलेल्या फोटोत आजचा अपघात दिसत नाही, आणि क्लोनची किंमत नेमकी याच गोष्टीत आहे.

न्हावाशेव्यात काय घडलं होतं?

आरसा आणि फोटो यांतला फरक महाराष्ट्रानं एकदा मोठ्या प्रमाणावर पाहिला आहे. २७ जून २०१७ रोजी न्हावाशेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरातल्या गेटवे टर्मिनल्स इंडिया या टर्मिनलचं काम अचानक कोलमडलं. कोणता कंटेनर कुणाचा, कुठे ठेवलेला, हे सांगणारी यंत्रणाच बंद. कामकाज हातानं चालवण्याची वेळ आली. हे टर्मिनल मर्स्क या डॅनिश समूहाच्या एपीएम टर्मिनल्सकडून चालवलं जात होतं, आणि त्या दिवशी मर्स्कचे जगभरातले कॉम्प्युटर एकापाठोपाठ काळे पडत होते.

कारण होतं ‘नॉटपेट्या’. युक्रेनमधल्या ‘एमईडॉक’ नावाच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून ते पसरलं. आपल्याकडे टॅली जसं घरोघरी आहे, तसं तिकडे ते. नॉटपेट्याचा घाव बरोबर बूट डिस्कवर होता. डिस्कच्या सुरुवातीला एक छोटा भाग असतो, जो कॉम्प्युटरला ‘ऑपरेटिंग सिस्टीम इथून सुरू कर’ असं सांगतो. नॉटपेट्या तो भाग पुसून तिथे स्वतः बसायचं, मशीन रीस्टार्ट करायचं, आणि पडद्यावर ‘डिस्क तपासणी सुरू आहे’ असा साळसूद संदेश दाखवत मागे फाइलींची अनुक्रमणिकाच कुलूपबंद करायचं. वर खंडणीचा मजकूर होता खरा, पण पैसे भरूनही काही परत मिळण्याची शक्यता नव्हती.

मर्स्ककडे बॅकअप नव्हते असं नाही. बहुतेक सर्व्हरचे बॅकअप मिळाले. मिळेना ती एकच गोष्ट, डोमेन कंट्रोलरची प्रत. डोमेन कंट्रोलर म्हणजे कोण आत येऊ शकतो, कुणाला काय उघडता येतं, याची नोंदवही सांभाळणारा सर्व्हर. मर्स्ककडे जगभर असे सुमारे १५० होते आणि ते एकमेकांशी सतत जुळवून घ्यायचे. गृहीत असं, की एक गेला तर १४९ आहेत. सगळे एकदम जातील हे कुणी धरलं नव्हतं. ते एकदम गेले. १५० आरसे, फोटो एकही नाही.

वाचला तो फक्त घानामधला एक. हल्ल्याच्या वेळी तिथे वीज गेली होती, त्यामुळे तो सर्व्हर नेटवर्कपासून तुटलेला होता. (लोडशेडिंग भोगलेल्या विदर्भातल्या वाचकाला याची गंमत वेगळी सांगायला नको.) तिथलं इंटरनेट इतकं संथ, की डेटा पाठवायला कित्येक दिवस लागले असते. घानातल्या कर्मचाऱ्यांपैकी कुणाकडे ब्रिटनचा व्हिसा नव्हता. शेवटी तिथला माणूस विमानानं नायजेरियात गेला, विमानतळावर हार्ड डिस्क दुसऱ्या सहकाऱ्याच्या हाती दिली, आणि ती लंडनला पोहोचली. मर्स्कचे तेव्हाचे अध्यक्ष जिम हॅगेमन स्नाबे यांनी जानेवारी २०१८ मध्ये दावोसला सांगितलं, की १० दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० पीसी नव्यानं उभे करावे लागले. कंपनीनं नुकसान २५ ते ३० कोटी डॉलर सांगितलं.

एवढ्या मोठ्या कंपनीची गोष्ट रामदासपेठेतल्या १० खाटांच्या हॉस्पिटलला कशी लागू होते? अगदी सरळ. त्या कंपनीला शेवटी वाचवलं ते नेटवर्कला न जोडलेल्या एका डिस्कनं. तशी डिस्क आपल्याकडच्या छोट्या हॉस्पिटललाही परवडते.

जुळं भावंडं एका घरात का नांदत नाहीत?

आता क्लोनच्या स्वतःच्या अडचणी. पहिली ओळखीची. प्रत्येक डिस्कवर तिची ओळख लिहिलेली असते. विंडोजमध्ये ‘डिस्क सिग्नेचर’, लिनक्समध्ये ‘यूयूआयडी’. क्लोन हुबेहूब असल्यामुळे ओळखही हुबेहूब. रेशन दुकानात एकाच आधार क्रमांकाची दोन माणसं उभी राहिली तर जे होईल, तेच दोन्ही डिस्क एका सर्व्हरला जोडल्यावर होतं.

विंडोज त्यातल्या त्यात शहाणं. ‘सिग्नेचर एकसारखी आहे’ म्हणून दुसरी डिस्क ऑफलाइन ठेवतं. पण एखादा उत्साही माणूस डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन ‘ऑनलाइन’वर क्लिक करतो. त्या क्षणी विंडोज क्लोनची ओळख बदलून टाकतं. डिस्कवरच्या फाइली दिसतात, सगळं ठीक वाटतं. पण क्लोनमधली सुरुवातीची यादी अजून जुन्याच ओळखीला शोधत असते. सहा महिन्यांनी खरंच गरज पडल्यावर डिस्क लावतात आणि ती बूट होत नाही. ‘चेक करून पाहू’ म्हणून केलेल्या एका क्लिकनं विमा रद्द झालेला असतो. दुरुस्ती करता येते, पण वेटिंग रूम भरलेली असताना ती करायची वेळ येणं चांगलं नाही.

लिनक्सची तऱ्हा वेगळी. एक्सएफएस ही फाइल सिस्टीम असेल तर ती सारख्या ओळखीची दुसरी डिस्क जोडायलाच नकार देते. पण ईएक्सटी-४ असेल आणि दोन्ही डिस्क आत असतील, तर सर्व्हर सुरुवात एका डिस्कवरून आणि पुढचं काम दुसरीवरून करू शकतो. अपडेट एकीकडे होतात, सिस्टीम दुसरीकडून चालते. काहीतरी विचित्र चाललंय हे कळायलाच महिने जातात.

पण मला सगळ्यात जास्त भीती वाटते ती पुढच्या प्रकाराची, आणि त्यावर कुणी फारसं बोलत नाही. समजा, क्लोन केलेली डिस्क काढून ठेवण्याऐवजी सर्व्हरच्या पेटीतच राहू दिली. ‘लागली तर लगेच मिळेल.’ मदरबोर्डवर घड्याळाच्या सेलसारखी एक छोटी बॅटरी असते. काही वर्षांनी ती संपते. एका रात्री वीज जाते, यूपीएसही दम सोडतो, आणि सकाळी सर्व्हर उठतो तेव्हा कोणत्या डिस्कवरून सुरू व्हायचं हा क्रम तो विसरलेला असतो. तो क्लोनवरून उठतो. पडद्यावर तोच वॉलपेपर, तेच सॉफ्टवेअर, तोच पासवर्ड. फरक इतकाच, की हा सर्व्हर सहा महिन्यांपूर्वीचा आहे.

डेटाबेसही त्याच डिस्कवर असेल, तर पुढे काय होईल पाहा. रिसेप्शनवरची मुलगी सकाळी आठला पहिला पेशंट नोंदवते. सॉफ्टवेअर पुढचा क्रमांक देतं, पण तो सहा महिन्यांपूर्वीच्या मालिकेतला पुढचा. तो क्रमांक तेव्हा कुणाला तरी दिला गेला आहे. आता एका क्रमांकाची दोन माणसं झाली. बाटलीवर बारकोड चिकटतो, यंत्र तपासणी करतं, आकडे येतात. दुपारी कुणीतरी म्हणतं, ‘अहो, मागच्या आठवड्यातला रिपोर्टच दिसत नाहीये.’ तोवर पन्नास नोंदी चुकीच्या वहीत गेलेल्या असतात. आता मूळ डिस्क परत लावली तर या पन्नास नोंदी गायब. न लावली तर सहा महिने गायब. दोन्ही एकत्र जुळवायचे तर क्रमांक आपटतात. डिस्क जळून गेली असती तर निदान सगळ्यांना लगेच कळलं असतं. इथे यंत्रणा हसतमुखानं चुकीचं काम करत राहते, आणि त्या रिपोर्टवर कुणाच्या तरी गोळीचा डोस ठरतो.

यावरचा उपाय मात्र फुकट आहे. क्लोन झाला की डिस्क पेटीतून बाहेर. ‘नंतर काढतो’ नाही, लगेच.

नेटवर्कवर जुळे असतील तर?

मर्स्कच्या गोष्टीतल्या डोमेन कंट्रोलरचा जुना क्लोन तसाच लावला, तर बाकीचे कंट्रोलर आणि तो यांच्या नोंदवहीतलं पान जुळत नाही. मायक्रोसॉफ्ट याला ‘यूएसएन रोलबॅक’ म्हणतं, आणि तो निस्तरणं हे डोकेदुखीचं काम आहे. साध्या पीसीचंही तेच, थोड्या सौम्य रूपात. डोमेनमधला विंडोज पीसी दर ३० दिवसांनी सर्व्हरशी आपला एक अंतर्गत पासवर्ड बदलतो. जुन्या क्लोनला नवा पासवर्ड माहीत नसतो, मग ‘ट्रस्ट रिलेशनशिप’ तुटल्याचा संदेश येतो आणि लॉगिन अडतं.

याच विषयातली एक ताजी घडामोड आपल्याकडच्या हार्डवेअरवाल्यांनी लक्षात घ्यायलाच हवी. २० पीसीची ऑर्डर आली की एक पीसी तयार करायचा आणि बाकी १९ वर त्याचा क्लोन मारायचा, ही सर्रास पद्धत. योग्य मार्ग असा, की क्लोनपूर्वी ‘सिसप्रेप’ चालवून मशीनची ओळख, म्हणजे ‘एसआयडी’, पुसायची. ते कुणी करत नाही, आणि त्याला मायक्रोसॉफ्टचाच जुना आधार होता. २००९ मध्ये तिथले नावाजलेले इंजिनिअर मार्क रुसिनोविच यांनी सारख्या एसआयडीमुळे बिघडतं ही समजूत फोल असल्याचं लिहिलं आणि ती बदलण्याचं आपलं ‘न्यूएसआयडी’ हे टूलही मागे घेतलं. १६ वर्षं गाडी चालली. मग २९ ऑगस्ट २०२५ आणि त्यानंतर आलेल्या अपडेटमध्ये विंडोज ११ च्या २४एच२, २५एच२ आणि विंडोज सर्व्हर २०२५ या आवृत्त्यांनी एसआयडी तपासायला सुरुवात केली. दोन मशीनची ओळख सारखी निघाली, की त्यांच्यातलं लॉगिन नाकारलं जातं. शेअर केलेलं फोल्डर उघडत नाही, रिमोट डेस्कटॉप चालत नाही, पासवर्ड बरोबर असूनही चुकीचा दाखवला जातो. मायक्रोसॉफ्टनं ऑक्टोबर २०२५ मध्ये स्पष्ट केलं, की हा बिघाड नसून मुद्दाम केलेला बदल आहे, आणि कायमचा उपाय म्हणजे सिसप्रेप वापरून मशीन पुन्हा तयार करणं. तुमच्या ऑफिसात हल्ली ‘काहीच न करता शेअरिंग बंद पडलं’ असेल, तर पहिला संशय इथे घ्या.

क्लोन ‘यशस्वी’ झाला म्हणजे काय?

मे २०२४ च्या अखेरीस रामदासपेठेतल्या कृषी विद्यापीठाच्या शेतातल्या स्वयंचलित हवामान केंद्रानं ५६ अंश तापमान नोंदवलं होतं. देशभर बातम्या झाल्या. नंतर हवामान विभागानं सेन्सर बिघडल्याचं सांगितलं. यंत्रानं आकडा दिला म्हणजे तो खरा, असं नसतं हे रामदासपेठेला कुणी सांगायची गरज नाही. तरी क्लोनच्या शेवटी पडद्यावर ‘पूर्ण झाले’ असं आलं, की आपण डिस्क कपाटात टाकतो.

त्या संदेशाचा अर्थ इतकाच, की इकडचे बाइट तिकडे गेले. ती डिस्क बूट होते, डेटाबेस उघडतो, सॉफ्टवेअरचं लायसन्स तिला स्वीकारतं, हे त्यात येत नाही. सर्व्हर चालू असताना क्लोन घेतला असेल, तर डेटाबेस अर्धवट लिहिलेल्या अवस्थेतही टिपला गेलेला असू शकतो. नव्या यूईएफआय पद्धतीच्या मशीनमध्ये तर कोणत्या डिस्कवरून सुरू व्हायचं ही नोंद डिस्कवर नसते, मदरबोर्डच्या स्मृतीत असते. त्यामुळे क्लोन अगदी बरोबर असला तरी दुसऱ्या मशीनमध्ये तो आपोआप सापडेलच असं नाही.

म्हणून क्लोन तपासण्याची एकच खरी पद्धत आहे. तो लावून सर्व्हर सुरू करून पाहायचा. रविवारी संध्याकाळी, मूळ डिस्क बाहेर काढून, आणि हे विसरू नका, नेटवर्कची केबल काढून. केबल राहिली तर जुना क्लोन जाग्या जगाशी बोलायला लागतो. जुने मेसेज पुन्हा जाऊ शकतात, दुसऱ्या मशीनशी ओळख आपटू शकते. सुरू झाला, लॉगिन झालं, सॉफ्टवेअर उघडलं, की बंद करायचा आणि डिस्क परत बाहेर.

डिस्कला कुलूप असेल तर किल्लीही हवी. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइकच्या एका सदोष अपडेटनं जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर निळ्या पडद्यावर अडकले. आपल्याकडे विमानतळांवर हातानं लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. उपाय सोपा होता, सेफ मोडमध्ये जाऊन एक फाइल उडवायची. पण ज्या मशीनवर बिटलॉकर होतं, तिथे आधी ४८ आकडी रिकव्हरी की मागितली गेली, आणि अनेक ठिकाणी त्या किल्ल्या ज्या सर्व्हरवर ठेवल्या होत्या, तोच बंद पडला होता. ती की कागदावर छापून तिजोरीत ठेवा. हो, कागदावर. मी इंजिनिअर आहे आणि तरीही हेच सांगतो.

आणखी एक बारीक गोष्ट. विंडोजच्या ‘सिक्युअर बूट’साठी वापरली जाणारी मायक्रोसॉफ्टची २०११ ची प्रमाणपत्रं जून २०२६ पासून मुदतबाह्य होऊ लागतात, आणि जुने, असुरक्षित ठरलेले बूट प्रोग्राम टप्प्याटप्प्यानं बाद केले जातात. सर्व्हर अद्ययावत झाला आणि कपाटातला क्लोन दोन वर्षं जुना असेल, तर मशीनच त्याला उभं करणार नाही अशी वेळ येऊ शकते. क्लोनलाही वय असतं.

कपाट कुठे आहे?

एसएसडी वीज न देता ठेवली, तर त्यातला डेटा कायम टिकत नाही, आणि उष्णता जितकी जास्त तितका तो लवकर विरतो. जेडेक या संस्थेच्या मानकानुसार सर्व्हरसाठीच्या एसएसडीनं, तिचं लिहिण्याचं आयुष्य पूर्ण वापरून झाल्यावरही, ४० अंशांत किमान तीन महिने डेटा धरायला हवा. घरगुती एसएसडीनं ३० अंशांत एक वर्ष. नवी डिस्क यापेक्षा बरीच जास्त टिकते, म्हणून घाबरायचं कारण नाही. पण उन्हाळ्यात ४५ पार जाणाऱ्या गावात, पश्चिमेच्या भिंतीला लागून असलेल्या लोखंडी कपाटात कमी वापराची म्हणून जुनी, झिजलेली एसएसडी टाकून ठेवणं शहाणपणाचं नाही. क्लोनसाठी साधी फिरती हार्ड डिस्क चालते, आणि स्वस्तही पडते.

कपाट तळघरात असेल तर प्रश्नच संपला. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी भरून वाहिला, नागनदीनं काठ सोडला, आणि काही तासांत रामदासपेठेसह आसपासच्या वस्त्यांत पाणी घुसलं. सर्व्हर आणि त्याचा क्लोन एकाच खोलीत ठेवले असतील तर ते एकत्रच बुडतात. पीटर क्रोघ नावाच्या अमेरिकन छायाचित्रकारानं रुजवलेला ३-२-१ चा नियम यासाठीच आहे: तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी.

‘मग सरळ क्लाउडवर टाका ना’ हे उत्तर मला पूर्ण पटत नाही. रोजच्या डेटाबेसची प्रत क्लाउडवर जायलाच हवी, त्यात दुमत नाही. पण रस्ता खोदताना फायबर तुटली, की क्लाउड दोन दिवस आकाशातच राहतं हे नागपूरकरांना ठाऊक आहे. बूट डिस्कचा क्लोन हाताशी, डेटाची प्रत दूर, अशी विभागणीच छोट्या संस्थांना जमण्यासारखी आहे. म्हणूनच डेटा आणि सिस्टीम वेगळ्या डिस्कवर हवेत. सिस्टीमचा क्लोन महिन्या-दोन महिन्यांनी किंवा मोठ्या बदलाच्या आधी-नंतर पुरतो. डेटाची प्रत मात्र रोज. एम्सच्या दिल्लीतल्या सर्व्हरवर २३ नोव्हेंबर २०२२ रोजी हल्ला झाला, तेव्हा सुमारे १.३ टेराबाइट डेटा कुलूपबंद झाला आणि कारभार दोन आठवड्यांच्या आसपास कागदावर चालला. तरी ई-हॉस्पिटलचा डेटा परत मिळाला, कारण एक बॅकअप सर्व्हर हल्ल्यातून सुटला होता. तत्कालीन आरोग्य राज्यमंत्री भारती पवार यांनी लोकसभेत तसं लेखी उत्तर दिलं.

जबाबदारी कुणाची?

डॉक्टरला विचारलं तर तो म्हणतो एएमसीवाला बघतो. एएमसीवाला म्हणतो, करारात ‘बॅकअप घेणे’ लिहिलंय, ‘तपासणे’ नाही. दोघंही खरं बोलतात. लिफ्टची तपासणी होते, आगीच्या यंत्रणेची होते, सर्व्हरच्या क्लोनवर मात्र मार्करनं तारीखसुद्धा नसते. माझ्या मते करारात एक ओळ वाढवली पाहिजे: दर तीन महिन्यांनी क्लोन प्रत्यक्ष सुरू करून दाखवणे, आणि त्याची सही रजिस्टरमध्ये. हार्डवेअरवाल्यानं त्याचे जादा पैसे मागितले तर द्यावेत. रविवारची संध्याकाळ त्याचीही असते.

क्लोन काढताना दिशा चुकण्याचा धोकाही याच माणसाच्या डोक्यावर असतो. दोन सारख्या डिस्क, एक भरलेली, एक कोरी. उलट निवडलं की कोऱ्या डिस्कची हुबेहूब प्रत भरलेल्या डिस्कवर. लिनक्समधल्या ‘डीडी’ या आज्ञेला लोक गमतीनं ‘डिस्क डिस्ट्रॉयर’ म्हणतात ते उगाच नाही. ‘एसडीए’, ‘एसडीबी’ या नावांवर विसंबू नये, रीस्टार्टनंतर ती बदलू शकतात. डिस्कच्या स्टिकरवरचा सिरीयल नंबर पडद्यावरच्या नंबराशी जुळवावा, शक्यतो दोघांनी, मोठ्यानं वाचून.

कायद्याचीही एक बाजू आहे. क्लोनमध्ये पेशंटची नावं, आजार, फोन नंबर असतील, तर कपाटातली ती डिस्क म्हणजे वैयक्तिक माहितीचा साठा आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले, आणि मुख्य जबाबदाऱ्या लागू होण्यासाठी १८ महिन्यांची मुदत आहे. पुरेशी सुरक्षा न ठेवल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये. छोट्या क्लिनिकला इतका दंड होईल असं नाही, पण ‘डिस्क कुठे गेली माहीत नाही’ हे उत्तर यापुढे चालणार नाही. म्हणून किती क्लोन आहेत, कुठे आहेत, कुणाकडे आहेत, याची एक वही हवी. एएमसीवाल्याच्या बॅगेत सहा महिने फिरणारा क्लोनही त्या वहीत आला पाहिजे.

आणि जुना क्लोन भंगारात देण्याआधी पुसायला हवा. साध्या हार्ड डिस्कवर एकदा पूर्ण शून्य लिहिली किंवा तिला ड्रिलनं भोक पाडलं तरी चालतं. एसएसडीचं तसं नाही. तिच्यात चिप वेगवेगळ्या असतात आणि भोक नेमकं दोन चिपच्या मधून जाऊ शकतं. तिच्यासाठी कंपनीच्या टूलमधला ‘सिक्युअर इरेज’ वापरावा, आणि मुळात क्लोन कुलूपबंद असेल तर किल्ली नष्ट केली की काम भागतं. त्यानंतर ती डिस्क गल्लीतल्या भंगारवाल्याला नाही, तर अधिकृत ई-कचरा केंद्रात द्यावी आणि पावती त्याच वहीला टाचून ठेवावी.